तारबांधणी

करंजाळीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात पदवीदानापेक्षा आदल्या संध्याकाळच्या तारबांधणीचं अप्रूप जास्त असायचं. पदवी विद्यापीठ देतं, तार माणूस बांधतो, असं तिथली मुलं म्हणायची.

रीत साधी होती. उन्हं कलली की शेवटच्या वर्षाची मुलंमुली पांढऱ्या कपड्यांत वरंडीच्या खाडीकाठी जमायची. प्रत्येकाने आपल्याबरोबर एक माणूस आणायचा. तो इंजिनीअर नसावा, एवढीच अट. उद्या हे पोर जे काही बांधेल त्यावरून चालणारा, त्याखाली झोपणारा, त्यातलं पाणी पिणारा कोणीही चालायचा. तो माणूस मुलाच्या उजव्या मनगटावर काळ्या बाइंडिंग वायरचा एक वेढा घालून पीळ द्यायचा. गवंडी सळ्या बांधायला वापरतात तीच तार. भाषण नाही, हार नाही. ही तार मग कोणी काढत नसे. कधीतरी गंजून आपोआप गळून पडायची.

कोणाला आणायचं याची चर्चा वर्षभर चाले. कोणी आईला आणी, कोणी मेसच्या काकांना. एका मुलाने आपल्या गावच्या एसटीचा ड्रायव्हर आणला होता. अन्विता भाटकर आणि ईश्वरी होडेकर या दोघी सिव्हिलच्या, चार वर्षं एकाच खोलीत राहिलेल्या. दोघींनी मिळून एकच माणूस ठरवला होता, तो म्हणजे ईश्वरीचे वडील सदानंद होडेकर. ईश्वरी त्यांना आबा म्हणायची, म्हणून अन्विताही आबाच म्हणायची.

आबा खाडीपलीकडच्या खारबांदे गावचे. उभा जन्म समुद्रावर गेलेला. आता ट्रॉलर मुलगा प्रथमेश सांभाळायचा आणि आबा जाळी दुरुस्त करत ओटीवर बसायचे. रविवारी दोघी स्कूटरवरून पूल ओलांडून जेवायला जायच्या.

"दोगींना मीच बांदायची?" आबांनी विचारलं होतं. "मग एकाच तारेत बांदतो की. पळायला नको."

"आबा, आमचं लग्न नाही लावायचंय," ईश्वरी म्हणाली.

"पन तार पुरेल ना? मी आपली नायलॉनची दोरी घेऊन येतो. गंजायची भीती नाय."

ईश्वरीची आई सुगंधाकाकी आतून ओरडली, "पोरींना आधी गिळू द्या, मग बांदा काय ते!"

तो वरंडीचा पूल म्हणजेच दोघींचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता.

अशा पुलाच्या तुळयांच्या पोटात पोलादी तारांचे जुडगे ताणून बसवलेले असतात. काँक्रीट दाब कितीही सोसतं, पण ताण त्याला सोसत नाही. मण्यांची माळ सैल धरली तर लोंबते आणि दोरा दोन्हीकडून खेचून धरला की काठीसारखी ताठ होते, तसं या तारा काँक्रीटला आवळून ताठ ठेवतात. मात्र खाडीवरची खारट हवा वर्षानुवर्षं काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत झिरपते, तारांना गंज चढतो आणि एखादे दिवशी एखादी तार तुटते. बाहेरून काहीच दिसत नाही. तुळई तशीच गुळगुळीत, वरचा रंगही नवा. आतल्या आत फक्त टक् असा एक आवाज होतो, आणि वरून ट्रक जात असतो.

तो आवाज ऐकायची सोय एव्हाना निघाली होती. पुलाच्या कडेने इंटरनेटसाठी काचेच्या तंतूंची केबल आधीपासूनच गेलेली होती. त्यातल्या एका रिकाम्या तंतूत लेसरचे ठोके सोडले की काचेतल्या सूक्ष्म दोषांवरून थोडा प्रकाश मागे फिरतो. तंतू कुठे जरासा जरी थरथरला तरी तिथून परतणारा प्रकाश बदलतो. म्हणजे केसाएवढी ती काच लांबच्या लांब कानच होते. अडचण एवढीच की हा कान सगळंच ऐकतो, ट्रक, होड्या, वारा, रेलिंगवर बसलेला बगळा. त्या गोंगाटातून तुटणाऱ्या तारेचा आवाज निवडून काढणारं मॉडेल दोघींनी तयार केलं होतं. प्रयोगशाळेत त्यांनी शेकडो गंजक्या तारा ताणून तोडल्या होत्या आणि त्या प्रत्येकीचा आवाज मॉडेलला ऐकवला होता. कोणत्या तुळईत कुठे किती तारा गेल्या यावरून ते एक आकडा काढायचं. पुढच्या पंधरवड्यात ही तुळई मोडण्याची शक्यता किती, तो आकडा.

पुढचं काम माणसाचं होतं. राज्यात लागोपाठ काही पूल कोसळल्यावर नियम झाला होता. शक्यता दहात एकच्या वर गेली तर वाहतूक थांबवायची, मात्र ते यंत्राने परस्पर करायचं नाही. केंद्रावरच्या दोन प्रशिक्षित श्रोत्यांनी अंगठा दिला तरच पुलाच्या दोन्ही टोकांची फाटकं पडायची, आणि पूल सुरक्षित ठरेपर्यंत मग ती कोणासाठीही उघडत नसत, पायी जाणाऱ्यासाठीही नाही. अंगठे कोणाचे, हे जाहीर होत नसे. करंजाळीचं श्रवण केंद्र कॉलेजच्याच आवारात होतं आणि तिथे शेवटच्या वर्षाच्या मुलांच्या पाळ्या लागायच्या.

पदवीदानाला तीन-एक आठवडे राहिले होते. दोघींची पाळी एकत्र होती. ईश्वरी शिंप्याकडून दोघींचे झगे घेऊन आली होती आणि स्वतःचा अंगावर चढवून केंद्राच्या काचेत पाहत होती.

"बाही लांब झालीय गं. पदवी घेताना हातच दिसायचा नाही."

अन्विता पुढे वाकली होती. पडद्यावर दोन खांबांमधल्या तिसऱ्या गाळ्यातल्या एका तुळईवर लाल ठिपके उमटत होते, तुटलेल्या तारेमागे एक. आदल्या दिवशी दोन होते. आता तिच्या डोळ्यांदेखत आणखी एक उमटला, आणि लगेच त्याच्या शेजारी दुसरा.

ईश्वरी झगा तसाच अंगावर ठेवून खुर्ची ओढून बसली. दोघींनी प्रत्येक आवाज पुन्हा ऐकला. ट्रकचे वेगळे केले, होड्यांचे वेगळे केले. राहिले ते तारांचेच होते. एक तार तुटली की तिचा भार शेजारणींवर जातो, मग त्यांची पाळी. मॉडेलने आकडा दिला, मर्यादेच्या वरचा. आठात एक.

अन्विताने घाणेकर मॅडमना फोन लावला. मॅडम त्यांच्या मार्गदर्शक, पण त्या दिवशी पुण्याला होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "आवाज दोघींनी तपासलेत ना? मग मी इथून काय सांगू? नियम तुम्हाला माहीत आहे."

खिडकीतून पूल दिसत होता. शाळेची बस चालली होती. तिच्या मागे बर्फाच्या पेट्यांचा टेम्पो, बहुतेक खारबांद्याचाच.

"बंद झाला की आमच्या गावाचं काय होईल माहितीय?" ईश्वरी हळूच म्हणाली. "मासळी सडेल. दादा तर वेडा होईल."

"इशू, तू सांग. तुझं गाव आहे."

ईश्वरी बस पलीकडे पोचेपर्यंत पाहत राहिली. मग तिने झग्याची लांब बाही मागे सारली आणि काचेच्या चौकोनावर अंगठा ठेवला. अन्विताने तिच्यानंतर ठेवला. पुलाच्या दोन्ही टोकांना फाटकं खाली आली.

त्या संध्याकाळी ईश्वरीच्या भावाचा फोन आला. तो एवढ्या जोरात बोलत होता की पलीकडच्या पलंगावर अन्विताला शब्द न् शब्द ऐकू येत होता. बर्फ अडकला, व्यापारी परत गेला, आणि हे सगळं कुठल्या शहाण्याने केलं?

"मला काय माहीत?" ईश्वरी म्हणाली. "माझी पाळी नव्हती."

फोन ठेवल्यावर ती अन्विताकडे न बघता म्हणाली, "शांत झाला की सांगेन खरं."

आबांचा फोन मात्र अन्विताला आला. "तुमच्याच केंद्रावरून बंद झाला म्हंतात. बरं केलंत. दर्याला भिऊन वागलं तरच मानूस म्हातारा होतो. तारबांदणीला मी होडीनं येईन, काळजी करू नको."

चारच दिवसांनी, सकाळी, जाळं विणता विणता आबांच्या छातीत कळ आली. मनगटावरच्या घड्याळाने ती त्यांच्याआधी ओळखली आणि करंजाळीच्या हॉस्पिटलला कळवलं. खाडीवरून ड्रोन आला. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्यात होतं आणि गावच्या नर्सने ते लगेच दिलं. पण गुठळी मोठी होती. हॉस्पिटलात नेऊन रक्तवाहिनी उघडणं हाच उपाय होता, आणि ते ड्रोनला जमणारं नव्हतं.

हॉस्पिटल ओटीवरून दिसत होतं. पुलावरून गेलं तर चहा निवायच्या आत पोचावं इतकं जवळ. प्रथमेशने आधी होडीचा विचार केला, पण पूर्ण ओहोटी होती. खाडीत मधोमध पाण्याची एक पट्टी उरली होती आणि दोन्ही अंगांना कमरेएवढा चिखल. मग रुग्णवाहिका निघाली ती वरच्या अंगाने, घाटाच्या पायथ्याच्या जुन्या पुलाकडे, मोठ्या वळशाने. त्या पुलापर्यंतही ती पोचली नाही. आबा वाटेतच गेले. त्यांचं डोकं प्रथमेशच्या मांडीवर होतं.

अन्विता भरतीच्या पहिल्या होडीने पलीकडे गेली. ईश्वरी तिच्या आधी पोचली होती आणि आईला धरून बसली होती. ओटीवर अर्धवट विणलेलं जाळं तसंच पडलेलं होतं. माणसं त्याला वळसा घालून आत जात होती.

अंत्यविधीहून परतल्यावर प्रथमेश अंगणात उभा राहिला. डोळे लाल, अंगावर ओला पंचा.

"त्या केंद्रावर कोन होतं त्या दिवशी?" त्याने विचारलं. प्रश्न अन्विताला होता. "तुला म्हाईत असेल. कोनी पाडली फाटकं?"

अंगणातली सगळी माणसं वळून पाहू लागली. अन्विताने ईश्वरीकडे पाहिलं. ईश्वरी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिने चौकट दोन्ही हातांनी धरली.

"मी," अन्विता म्हणाली. "माझी पाळी होती."

"दोन अंगठे लागतात ना?"

"दुसरा वर्गातला मुलगा होता. तुम्ही नाही ओळखणार. पण आकडा मी तपासला. मीच सांगितलं बंद करायला."

प्रथमेश पुढे आला. कोणीतरी त्याचा दंड धरला. त्याने तो सोडवून घेतला नाही. तो एवढंच म्हणाला, "या घरात जेवलीस तू."

अन्विता परत निघाली. आपल्यामागे ईश्वरी येईल, निदान बांधापर्यंत तरी, असं तिला वाटत होतं. होडी सुटेपर्यंत ती मागे वळून पाहत राहिली. कोणी आलं नाही.

कॉलेजात पदवीदानाची तयारी चालूच होती. मांडव पडला. रंगीत तालमीत मुलांना कोणत्या पायरीवर थांबायचं, मान किती झुकवायची, पदवी कोणत्या हाताने घ्यायची हे शिकवलं गेलं. अन्विता यंत्रासारखी चालली, झुकली, परत आली. खोलीत ईश्वरीचा झगा हँगरवर लोंबत होता. तिने फोन केला, ईश्वरीने उचलला नाही. 'ये' एवढाच निरोप पाठवला, तो वाचला गेला, उत्तर आलं नाही.

पुलाची तपासणी झाली. तपासणीचे छोटे यंत्रमानव तुळईच्या पोटाखाली कोळ्यांसारखे चिकटून फिरले. घाणेकर मॅडमनी अन्विताला बोलावून अहवाल सांगितला. "तारा तुटल्यात. किती, ते तुळई फोडल्याशिवाय नक्की कळणार नाही, आणि फोडणार तर नाहीत. बाहेरून नव्या तारा ताणून बसवतील, पूल दिवाळीपर्यंत सुरू होईल."

"मॅडम, पडला असता का तो?"

"तुला काय ऐकायचंय?"

"खरं."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "खरं कोणालाच कळणार नाही. पडला असता तर कळलं असतं. तो उभा राहिला, आणि तुम्ही त्याच्यावरची गर्दी काढलीत. आता विचारायचं कोणाला?"

"मी उद्या नाही येत तारबांधणीला."

"नको येऊस. सक्ती नाही." चष्मा परत चढवून त्या म्हणाल्या, "पण उद्या आली नाहीस, तर पुढच्या वेळी आकडा समोर आला की तुझा अंगठा थांबेल. मला त्याची भीती वाटते."

अन्विता तारबांधणीला गेली. तिचे आईवडील दुसऱ्या दिवशी पदवीदानाला येणार होते. त्यांना तिने तारबांधणीचं सांगितलंच नव्हतं. खाडीकाठी मुलं रांगेत बसली होती आणि त्यांच्याशेजारी त्यांची माणसं. एकाचा आजोबा फेट्यात आला होता, एकीची लहान बहीण शाळेच्या गणवेशात. अन्विताचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती उठली नाही. शिक्षकांनी पुढचं नाव घेतलं.

तेवढ्यात धक्क्याला होडी लागली. ईश्वरी उतरली, पांढऱ्या पंजाबी ड्रेसमध्ये. तिच्यामागून सुगंधाकाकी. आबांचं तेरावं होऊन गेलं होतं. काकीचं कपाळ मोकळं होतं आणि पंधरा-वीस दिवसांत ती खूप वाळली होती. ईश्वरी रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. काकी सरळ अन्विताकडे आली आणि वाळूत तिच्यासमोर बसली.

"एक विचारायचंय तुला. खरं सांगशील?"

"विचारा, काकी."

"तो पूल पडला असता काय?"

"माहीत नाही. कधीच कळणार नाही."

"तुमच्या मशिनीनं काय सांगितलं होतं?"

"आठात एक. म्हणजे अशी अवस्था झालेले आठ पूल असते, तर त्यातला एक पडला असता."

काकीने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. सावकाश, एकेक पेर मोजत. मग ती म्हणाली, "म्हंजे सात वेळा माझा मानूस दवाखान्यात पोचला असता."

अन्विताच्या जिभेवर उत्तर होतं. आठव्या वेळी शाळेची बस होती. आठव्या वेळी कदाचित आबाच त्या पुलावर असते. हे सगळं खरं होतं, आणि या बाईसमोर ते बोलणं तिला शक्य झालं नाही.

"हो," ती म्हणाली.

काकीने मान हलवली. ती रडली नाही. कोणीतरी शेवटी आपल्याशी सरळ बोललं, असं काहीसं तिच्या चेहऱ्यावर आलं आणि गेलं.

ईश्वरी जवळ येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. "आये," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की काकीने वर पाहिलं. "दुसरा कोणी मुलगा नव्हता. मी होते. पहिला अंगठा मीच ठेवला."

शिक्षक पुढची नावं घेत होते, तारांना पीळ बसत होता, एका आजोबांना पीळ जमेना म्हणून मुलं हसत होती. काकी मुलीकडे पाहत राहिली, खाडीकडे पाहत राहिली. मग तिने हात वर केला. ईश्वरी एक पाऊल मागे सरली. पण काकीने तिचा हात धरला, आधार घेऊन उठली आणि पदराने तिचं तोंड पुसलं, लहान मुलाचं पुसतात तसं, जोर लावून.

"ईश्वरी सदानंद होडेकर," नाव पुकारलं गेलं.

"चल," काकी म्हणाली.

तिने तार घेतली. जाळ्याच्या गाठी मारण्यात जन्म गेलेली बोटं ती. तिने वेढा घातला, पीळ दिला, टोक आत दुमडलं.

"रुतत नाय ना?"

ईश्वरीने मनगट वळवून पाहिलं. तिने मान हलवली.

परत जाताना काकी पुन्हा अन्विताजवळ थांबली. ईश्वरीला तिने पुढे होडीकडे पाठवलं.

"प्रथमेशला हे कळता कामा नये," ती हलक्या आवाजात म्हणाली. "तो बापासारखा नाय. बहिनीला पुन्हा दारात उभी करायचा नाय. नवरा गेला माझा. आता पोरगी जायला नको." तिने अन्विताच्या दंडावर हात ठेवला. तो हात ओला आणि गार होता. "तुझं नाव निघालंच आहे. ते तसंच राहू दे. चालेल ना तुला?"

म्हणजे खारबांद्याला पुन्हा पाऊल टाकायचं नाही. म्हणजे ईश्वरीच्या लग्नाला, बाळंतपणाला, कशालाच नाही. गावात कोणी विचारलं तर आपलं नाव, आणि फक्त आपलंच. अन्विताला हे सगळं एका क्षणात कळलं. आणि हेही कळलं की काकीला हे मागताना किती जड गेलं असेल.

"चालेल, काकी," ती म्हणाली. "राहू दे."

काकीने तिच्या दंडावरचा हात काढला. मग ती वळली आणि धक्क्याकडे गेली. होडीत ईश्वरी पुढच्या टोकाकडे, नाळेकडे तोंड करून बसली होती. होडी सुटली तेव्हा तिने मागे पाहिलं, फक्त एकदा. तिचा हात उचलल्यासारखा झाला आणि तिने तो परत मांडीवर ठेवला.

राहिलेल्यांची नावं शिक्षकांनी पुन्हा घेतली. एकच राहिलं होतं.

"अन्विता भाटकर."

ती उठून पुढे गेली.

"कोण बांधणार?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही, सर," ती म्हणाली, आणि तार बांधून झालेल्या बाकीच्यांच्या रांगेत मोकळ्या मनगटाने जाऊन उभी राहिली.